बसलेली कोण, उभी कोण

नळवाल्यांच्या घरात कलेचा शिरकाव झाला तो मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने. त्याआधी त्या घराच्या भिंतींवर एक घड्याळ होतं, एका पाइप कंपनीचं कॅलेंडर होतं आणि ओल होती. तिघंही आपापल्या जागी सुखात होते.

नळवाले म्हणजे नळ, तोट्या, पाइप आणि त्यांचे जोड विकणारे गृहस्थ. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? त्यांना एकुलती एक मुलगी. घरात तिला अजून चिऊ म्हणत, आणि ही चिऊ बैलाएवढ्या कुत्र्यांना मानगुटीला धरून सुई टोचायची. जनावरांची डॉक्टर होती ती. एकदा एक तरुण मांजराचा पाय दुखावला म्हणून तिच्या दवाखान्यात आला. मांजर आठवड्यात बरं झालं. तरुण येतच राहिला. पुढे मांजर आणायचंही त्याने सोडून दिलं, तेव्हा चिऊने घरी सांगितलं की लग्न करायचं म्हणतेय.

मुलगा चांगला होता. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून नळवाल्यांची बायको थोडी बेचैन होती. आधी दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकमेकांना भेटून घ्यावं असं ठरलं. नळवाल्यांच्या डोक्यात साधा बेत होता. एखाद्या बऱ्याशा हॉटेलात जायचं आणि पोटभर जेवायचं. तोंडं कामात असली की फार बोलावं लागत नाही. पण तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला.

विहीणबाई, म्हणजे मुलाची आई, वाचनमंडळ चालवत. त्यांचा आवाज असा होता की नुसता पत्ता सांगितला तरी काहीतरी उदात्त ऐकल्यासारखं वाटावं.

"हॉटेलात काय, सगळेच भेटतात," त्या म्हणाल्या. "सध्या एका थोर चित्रकाराचं प्रदर्शन लागलंय. तीनशे वर्षांपूर्वीची चित्रं, आणि इतकी एका छपराखाली! आपण तिथेच भेटू या. चित्रांसमोर माणसं कशी मोकळी होतात."

"अय्या, हो का!" नळवाल्यांची बायको म्हणाली. "आम्हाला दोघांनाही चित्रांचं भारी वेड!"

नळवाले समोरच बसून पायाची नखं कापत होते. आपल्याला कशाचं वेड आहे हे त्यांना त्या क्षणी प्रथमच कळलं.

"अगं, मला कुठे..." फोन ठेवल्यावर ते म्हणाले.

"मग काय सांगायचं होतं? माझ्या नवऱ्याला पीव्हीसी पाइपचं वेड आहे म्हणून? मुलीची बाजू आहे आपली. खाली मान घालायची वेळ आणू नका."

मग घरात तयारी सुरू झाली. नळवालीणबाई रोज दुपारी मोबाइलवर चित्रांविषयीची भाषणं ऐकू लागल्या. त्यातलं काय कळलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण 'अवकाश' हा शब्द त्यांच्या तोंडात बसला. भाजीवाल्यालाही त्या एकदा म्हणाल्या, "पिशवीत जरा अवकाश ठेवा." नवऱ्याकडून मात्र त्यांनी फार अपेक्षा ठेवली नाही. गाढवाला गुळाची चव शिकवण्यात आयुष्य का घालवा? त्यांनी त्याच्यासाठी तीन वाक्यं काढली आणि पाठ करून घेतली.

"एक: प्रकाश काय पकडलाय! दोन: याच्यात एक एकटेपणा आहे. तीन: आता असं काम कोणी करत नाही. बाकी वेळ मान थोडी कलती करून गप्प उभं राहायचं."

"तिसरं मला मनापासून पटतं," नळवाले म्हणाले. "पितळी तोटीबद्दल मी रोज हेच म्हणतो."

"तिथे तोटीचं नाव काढलंत तर बघा."

ठरलेल्या दिवशी सहा जणं संग्रहालयाच्या दारात भेटली. गर्दी अशी की आत काहीतरी फुकट वाटताहेत असं वाटावं. दर्शनी भिंतीवर थोर चित्रकाराचा दोन मजली चेहरा टांगला होता. खाली लिहिलं होतं की हयातीत त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. आता ती भरून काढायचं काम जोरात चाललं होतं. दारातच त्यांचा चेहरा छापलेले कप, छत्र्या, मोजे आणि लहान मुलांचे लाळेरे विकायला मांडले होते.

विहीणबाई राखाडी रंगाच्या पोशाखात आल्या होत्या. गळ्यात लाकडी मणी होते, डोळ्यांत आधीच थोडं पाणी होतं. त्यांनी नळवालीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्हालाही आवड आहे हे ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हल्ली असे लोक मिळतात कुठे?"

"हो ना," नळवालीणबाई म्हणाल्या, "हल्ली अवकाशच उरला नाही."

विहीणबाईंचे यजमान डॉक्टर होते, भूल देणारे. उंच, सडपातळ, अतिशय शांत गृहस्थ. आयुष्यभर ते ज्यांच्याशी बोलायला जात, ते उलटे आकडे मोजता मोजता झोपी जात, त्यामुळे बोलणं पुढे न्यायची त्यांना सवयच लागली नव्हती. त्यांनी नळवाल्यांशी हात मिळवला, "नमस्कार" म्हणाले आणि दिवसभराचं बोलणं उरकल्यासारखे बाजूला उभे राहिले.

चिऊ आणि तिचा तो होणारा नवरा, दोघांनी आईवडिलांना एकमेकांच्या ताब्यात दिलं आणि "आम्ही जरा पुढे बघून येतो" म्हणून जे सटकले ते गर्दीत दिसेनासे झाले.

आत अंधारलेल्या खोल्या, भिंतीवर सोनेरी चौकटी, आणि प्रत्येक चौकटीपुढे माणसांची गच्च फळी. पुढे असलेली माणसं हलत नव्हती आणि मागची माणसं पुढच्यांच्या टकलांचा अभ्यास करत होती. बरेच जण चित्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. तीनशे वर्षं वाट बघितलेल्या कलावंताला निदान कुणाच्या तरी कानामागे दिसायची संधी मिळत होती. काहींनी कानाला यंत्रं लावली होती. ती यंत्रं सांगतील तिकडे ते मान वळवत आणि यंत्र गप्प झालं की त्यांचा चेहराही गप्प होई.

पहिल्या चित्रापाशी नळवाले थबकले. ते चित्र जवळजवळ काळं होतं. नीट बघितल्यावर एका कोपऱ्यात एक म्हातारा असावा असं वाटत होतं, किंवा पोतं. बायकोने कोपर मारलं. नळवाल्यांनी घाईघाईने हाताला आलं ते वाक्य काढलं.

"प्रकाश काय पकडलाय!"

बोलल्या बोलल्या त्यांच्या लक्षात आलं की चित्रात प्रकाशाचा टिपूस नाही. बायकोने डोळे मिटले. पण विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला.

"अगदी! अंधारातच तर प्रकाश कळतो. किती नेमकं बोललात!"

नळवाल्यांना धीर आला. पुढच्या चित्रात मोठी मेजवानी चालली होती. वीसेक माणसं खात-पीत, एकमेकांच्या अंगावर रेलून खिदळत होती, टेबलाखाली दोन कुत्री हाडावरून भांडत होती. नळवाल्यांनी मान कलती केली, थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाले, "याच्यात एक एकटेपणा आहे."

विहीणबाईंच्या डोळ्यांतलं पाणी आता खरोखरच खाली आलं. शेजारची एक अनोळखी बाईसुद्धा वळून मेजवानीकडे नव्याने बघू लागली आणि तिने आपल्या नवऱ्याला ते वाक्य ऐकवलं. नळवाल्यांना मनातून वाटलं की हा धंदा नळांपेक्षा सोपा आहे. तोटी उलटी बसवली तर पाणी तरी तोंडावर येतं. इथे काहीही उलटं बसवलं तरी चालत होतं.

तिसऱ्या खोलीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. दोघी आया एकमेकींना 'ताई' म्हणायच्या बेताला आल्या होत्या. लग्न कधी, कुठे, किती माणसांत, हे सगळं दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या भिंतींवर जवळजवळ ठरून गेलं होतं. आणि मग ते चित्र आलं.

चित्र काही फार मोठं नव्हतं. साधं स्वयंपाकघर. खिडकीशी खुर्चीत एक म्हातारी बसलेली, हात मांडीवर. तिच्या पुढ्यात एक तरुण बाई पाठमोरी उभी, हातात तांब्याचं भलंमोठं पातेलं. बस्स. कोणी मरत नव्हतं, कोणाचा घोडा उधळला नव्हता. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं: 'घरातल्या दोघी'.

"अहाहा," विहीणबाई म्हणाल्या. "काय तृप्ती आहे चेहऱ्यावर! संसार सुनेच्या हाती सोपवून निवांत झालीय."

नळवालीणबाई पुढे झुकल्या. "सून कशावरून?"

"दिसतंच की. केवढ्या मायेने भांडं घासतेय."

"घासतेय ते मायेने का भीतीने, ते पाठमोरीवरून कसं कळणार? मला तर ती दमलेली वाटते. सकाळपासून उभी असेल. आणि ह्या बसल्यात आरामात, खिडकीतून हवा खात."

"अहो, बसल्यात म्हणजे वय झालंय त्यांचं."

"वय झालं म्हणून भांडं पुसायलाही हात लावता येत नाही?"

"आयुष्यभर त्यांनीच केलं असेल ना! आता नको कुणी करायला?"

"करावं की. पण 'कुणी' म्हणजे सुनेनेच का? मुलगा कुठे आहे यांचा? तो कसा नाही चित्रात?"

विहीणबाईंचा आवाज अजून गोड होता, पण त्यातला उदात्तपणा आता किंचित आंबला होता. "मुलगा कामाला गेला असेल. मुलगे जातात कामाला."

"मुलीपण जातात," नळवालीणबाई म्हणाल्या. "आमची जाते. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मोठमोठी जनावरं सांभाळते. घरी आल्यावर तिच्या हातात कोणी पातेलं दिलं तर ती काय करील मला सांगता यायचं नाही."

आता हे बोलणं तीनशे वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरातून केव्हाच बाहेर पडलं होतं, पण दोघींची नजर चित्रावरच होती. सुसंस्कृत माणसं भांडतात ती अशी. नळवाल्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी छताकडे बघितलं.

तिसऱ्याच एका बाईंनी मध्ये तोंड घातलं. "मला वाटतं बसलेली ती आई आहे. चार दिवस राहायला आलीय मुलीकडे."

"मग मुलगी पाठ करून उभी राहील?" दोघी एकदम म्हणाल्या. त्या बाई मागे सरकल्या.

गळ्यात ओळखपत्र घातलेली मार्गदर्शक जवळून चालली होती. विहीणबाईंनी तिला अडवलं. "यांना जरा सांगा हो, या दोघी सासू-सुनाच ना?"

तिने हसून हात जोडून घेतले. "तज्ज्ञांमध्ये यावर एकमत नाही. काहींच्या मते बसलेली बाई मोलकरीण आहे, काम संपवून टेकलीय. आणि उभी आहे ती मालकीण."

मग दोघी विहिणी त्या बिचारीवर अशा तुटून पडल्या की आतापर्यंत एकमेकींवर काढलेला राग त्यामानाने कौतुक वाटावा. मोलकरीण खुर्चीत कशी बसेल, तज्ज्ञांनी कधी घर चालवलंय का, शिकूनसवरून डोळ्यांना दिसतं ते दिसू नये म्हणजे काय... मार्गदर्शक "पुढच्या खोलीत माझा गट आहे" असं पुटपुटत पसार झाली. कोपऱ्यातल्या स्टुलावरचा पहारेकरी उठून तोंडावर बोट ठेवून गेला. आणि पुन्हा दोघीच उरल्या.

"असो," विहीणबाई म्हणाल्या. "ज्याची त्याची दृष्टी. आमच्या घरात कुणाला कामाला जुंपत नाहीत, एवढंच सांगते. पण घरात आलेल्या मुलीला घर आपलं वाटलं पाहिजे."

"वाटेल की. खुर्ची मिळाली तर वाटेल."

एक डावीकडच्या खोलीत गेली, दुसरी उजवीकडच्या. नळवाल्यांच्या डोळ्यांसमोर ठरत आलेलं लग्न एका तांब्याच्या पातेल्यावर आपटून फुटलं होतं.

खोलीच्या मध्यभागी एक लांब बाक होता. डॉक्टर त्यावर जाऊन बसले. नळवालेही जाऊन बसले. बराच वेळ दोघंही समोरच्या पाठी बघत राहिले.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," डॉक्टर एकाएकी म्हणाले.

नळवाल्यांनी दचकून बघितलं. भूल उतरलेल्या पेशंटने अचानक बोलावं तसा तो आवाज होता.

"माझंही तेच," ते म्हणाले. "मला तीन वाक्यं पाठ करायला लावली होती."

"तीन?" डॉक्टरांच्या स्वरात हेवा होता. "मला गप्प राहायला सांगितलंय. म्हणाली, तुम्ही बोललात तर कळेल."

दोघं हसले, पहारेकऱ्याने बघितल्यावर खोकले.

"तुम्हाला एक सांगतो," डॉक्टर म्हणाले. "आमच्या घरात माझी आई बसायची. अगदी अश्शी, खिडकीशी. आणि ही उभी असायची. लग्न झाल्यापासून आई जाईपर्यंत. मी सकाळी ऑपरेशनला जायचो तेव्हा ही ओट्याशी उभी, रात्री यायचो तेव्हा उभी. वाचनमंडळ वगैरे सगळं आई गेल्यावरचं आहे. तोवर हिने पुस्तक उघडलेलं मला आठवत नाही."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत? आईंना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी आयुष्यात कुणाला काय म्हणालोय?"

नळवाल्यांना स्वतःचं घर आठवलं. त्यांची आई बसत नसे, ती आडवी असे. कंबर धरली म्हणून बिछान्याला टेकली ती शेवटपर्यंत तिथूनच घर चालवत राहिली. दुकानातून घरी यावं तर एका खोलीतून हाका आणि दुसऱ्या खोलीत भांड्यांचा आवाज. भांड्यांच्या आवाजावरून बायको त्या दिवशी किती चिडली आहे ते ओळखायची त्यांना सवय झाली होती. पाइपला कान लावून गळती ओळखावी तशी. मात्र गळती ओळखली की ते दुरुस्त करत. इथे ते ओळखून पेपर वाचायला बसत.

"आमचंही काही वेगळं नाही," ते इतकंच म्हणाले.

मग काय वाटलं कोण जाणे, ते उठून त्या चित्राजवळ गेले. जेवणाची वेळ झाली होती, गर्दी उपाहारगृहाकडे वळली होती, चित्रापुढे आता मोकळी जागा होती. नळवाल्यांनी त्या दिवसात पहिल्यांदाच, कोणी कोपर न मारता, एका चित्राकडे बघितलं.

म्हातारीच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. हात लाल होते आणि बोटं ओली होती; चित्रकाराने एका नखापाशी पाण्याचा थेंबसुद्धा ठेवला होता. ती सकाळपासून बसलेली नव्हती. ती आत्ता, या क्षणी टेकली होती. आणि उभी असलेली ती पातेलं घासतच नव्हती. घासून झालेलं पातेलं तिने तोंडासमोर धरलं होतं. त्या तांब्यात, अंधूक वाकडातिकडा, तिचा चेहरा दिसत होता. म्हणजे दोघीही काम करून थांबल्या होत्या. एवढंच होतं ते. घरातल्या दोघी बायका, आणि त्यांच्या घरात काही मिनिटं कोणी कोणाला हाक मारत नव्हतं.

याच्यासाठी नळवाल्यांच्या तीन वाक्यांत शब्द नव्हता. डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. नळवाल्यांनी त्यांना ते हात दाखवले, पातेल्यातला चेहरा दाखवला. डॉक्टर पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरेच्चा."

आता दोघा भल्या माणसांना वाटलं की भांडण मिटवायचा रामबाण उपाय सापडला. सुंठीवाचून खोकला गेला! दोघंही आपापली बायको शोधायला धावले, दोघींना दोन खोल्यांतून चुचकारून परत आणलं आणि पुन्हा त्याच चित्रापुढे उभं केलं. पुरुषांनी बायकांमधलं भांडण पुराव्यानिशी मिटवायचं ठरवलं की काय होतं, ते त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

"हे बघ," नळवाले बायकोला म्हणाले. "हात बघ त्यांचे. ओले आहेत. त्यापण राबल्यात."

नळवालीणबाईंनी निरखून बघितलं. "म्हणजे या वयात सासूलाही राबवतात? काय घर तरी!"

"आणि ही," डॉक्टर आपल्या बायकोला हळूच म्हणाले, "हिचंही काम झालंय. ती नुसती बघतेय पातेल्यात."

"हो ना," विहीणबाई म्हणाल्या. "म्हातारीने मरमर मरून सगळं आवरलं, आणि ही उभी आरशात बघतेय. तेच म्हणत होते मी मघापासून."

दोघा व्याह्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि हात दाखवून अवलक्षण नको म्हणून दोघींना उपाहारगृहाच्या वाटेला लावलं.

तिथे एका टेबलाशी चिऊ आणि तो बसले होते. थोर चित्रकाराचं नाव दिलेला केक त्यांनी मागवला होता आणि तो दोघांनाही आवडला नव्हता. आयांचे चेहरे बघून चिऊ उठली.

"काय झालं?"

"काही नाही," नळवालीणबाई म्हणाल्या.

"काहीसुद्धा नाही," विहीणबाई म्हणाल्या.

मग नळवाल्यांनी थोडक्यात सांगितलं: चित्र, खुर्ची, पातेलं. सांगताना त्यांचं त्यांनाच ते इतकं खुळ्यासारखं वाटलं की शेवटचा भाग त्यांनी गिळला. चिऊने आईकडे बघितलं, मग होणाऱ्या सासूकडे, मग होणाऱ्या नवऱ्याकडे.

"सांग आता," ती त्याला म्हणाली. "आज सांगायचंच होतं."

तो गडी मांजरांशी बोलताना मोठा धीट असावा. आईपुढे त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, आम्ही जागा बघितलीय. हिच्या दवाखान्याच्या वरच. लग्नानंतर तिथे राहणार. आणि भांडी मी घासतो. म्हणजे, घासणार आहे. मला आवडतं."

नळवाल्यांना वाटलं, आता झालं. बुडत्याचा पाय खोलात. पण विहीणबाई मुलाकडे बघत नव्हत्या. त्या सावकाश नळवालीणबाईंकडे वळल्या.

"ऐकलंत? वेगळं राहणार."

"ऐकलं," नळवालीणबाई म्हणाल्या. "जागासुद्धा बघून झाली. आपल्याला विचारलं कोणी?"

"आपण काय वाघ आहोत का, खाणार होतो यांना?"

"एवढं हातावर झेललं, वाढवलं..."

"मी हिच्यासाठी खिडकीतली खोली रिकामी करून ठेवलीय हो! पडदे शिवले."

"पडदे शिवलेत?" नळवालीणबाईंनी चिऊकडे असं काही बघितलं की दांडग्या कुत्र्यांनाही न घाबरणारी ती पोर एक पाऊल मागे गेली. "ऐक, कार्टे. पडदे शिवलेत त्यांनी!"

पुढचा तासभर दोघी विहिणी शेजारी शेजारी खुर्च्या ओढून बसल्या. आधी मुलांची कृतघ्नता झाली, मग नवऱ्यांची झाली, मग दोघींच्या गेलेल्या सासवांची झाली. हा शेवटचा विषय चांगला रंगला. एक सांगायची, "आमच्या तर..." आणि दुसरी म्हणायची, "ते काहीच नाही, आमच्या..." मध्येच विहीणबाई इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांचे लाकडी मणी कॉफीत बुडाले. डॉक्टर आणि नळवाले दोन्ही हातांत ट्रे धरून उभे होते, कारण टेबलाला आता खुर्च्या उरल्या नव्हत्या, आणि त्यांना बसा म्हणायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निघताना विहीणबाईंनी नळवालीणबाईंना मिठी मारली. "ताई, पुढच्या महिन्यात शिल्पांचं प्रदर्शन आहे. येणार ना?"

"म्हणजे काय! आम्हाला शिल्पांचं भारी वेड," नळवालीणबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये नळवालीणबाईंनी चपला काढून पाय समोरच्या दांडीवर टेकवले.

"ती बसलेली होती ना," त्या मध्येच म्हणाल्या, "ती सासू असो का मोलकरीण असो. पण बसली छान होती. अशी नीट, पाठ टेकून. मला इतकं बसवत नाही. बसलं की वाटतं, काहीतरी राहिलंय."

नळवाल्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं. त्यांनी मनात शब्द जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. तोवर त्यांचा थांबा आला.

घरी आल्यावर बायको पंख्याखाली टेकली. नळवाले तडक स्वयंपाकघरात गेले.

"काय शोधताय?"

"चहा टाकतो."

"का? काय झालं?" नळवालीणबाई सावध झाल्या. "डॉक्टर काही म्हणाले का? देण्याघेण्याचं?"

"काही नाही गं. तू बस." आतून तीन डबे उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज आले. मग एक डबा पडल्याचा. "साखर कुठे असते?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच विचारला गेला होता. नळवालीणबाई उठायला लागल्या. अर्ध्या उठल्या, थांबल्या आणि पुन्हा बसल्या.

"वरच्या फळीवर," त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं. "पांढरं झाकण. तो मिठाचा! त्याच्या शेजारचा."

चहा वाईट झाला होता. पातळ, गोडमिट्ट आणि वर साय. नळवालीणबाईंनी तो पाठ टेकून, सावकाश, तळापर्यंत प्यायला आणि प्रत्येक घोटाला त्यातली एकेक चूक काढली.